नवरीच्या बापानं वाजवायचं नाही

आमच्या बेंजो पार्टीत मी पुढे उभा राहून बेंजो वाजवतो आणि माझ्या मागे नामादादा बास गिटार. चौक गावापासून कर्जतपर्यंत आम्ही टेंपोवर चढून वाजवलं नाही असं हळदीचं गाव सापडायचं नाही. लोक माझ्यासोबत फोटो काढतात. फोटोत एका कोपऱ्यात नामादादाचं कोपर येतं. त्याचं त्याला काहीच वाटत नाही, याचाच मला राग येतो.

"गजा, तू गाणं वाजवतोस," तो म्हणतो. "मी लोकांचे पाय वाजवतो रं. नाचतात माज्या तारेवर, आन बघतात तुज्याकडं."

वाद्यांबद्दल त्याची मतं पक्की आहेत. पाच तारांची बास कुणी दाखवली की विचारतो, "पाचवी काय पावण्यांसाठी?" आमचा कमलेश कीबोर्डवर डाव्या हाताने बास काढू शकतो, त्याबद्दल एवढंच, "बटनाला घाम येतो काय?" नव्या तारा तो सहसा घेत नाही. जुन्यांचा आवाज बसला की त्या पाण्यात उकळतो. बोटांचा मळ सुटतो आणि तारा पुन्हा बोलायला लागतात. पूर्वी तो तारा आनंदीवैनीच्या भाताच्या टोपात उकळायचा. एकदा वैनीने पेज म्हणून झाकण उघडलं आणि आत तारांची वेटोळी! दुसऱ्याच दिवशी तिने एक वेगळा टोप आणला आणि इतर भांड्यांवर नाव घालतात तसं त्यावर घालून घेतलं : 'तारांचा'.

वैनीची तक्रार मात्र लग्नापासून एकच. "सगळ्यांचं ऐकू येतं. तुमचं कुठं वाजतं तेच मला कळत नाय."

तर त्यांच्या प्राचीचं लग्न ठरलं. हळदीला अर्थातच आमची पार्टी. आणि वैनीने सगळ्यांसमोर फर्मान काढलं, "नवरीच्या बापानं टेंपोवर चढायचं नाय. पावणे काय म्हणतील, पोरीच्या हळदीची सुपारी बापानंच घेतली?"

नामादादा मान हलवत राहिला. पण दुसऱ्या दिवशी चौकातल्या गॅरेजसमोर चहा पिताना म्हणाला, "गजा, मला चारचौघांत रडता येत नाय. नाचता तर त्याहून येत नाय. पोरगी घरातून चाललीय आन मी काय पानसुपारीचं ताट धरून बसू? मला येतं ते एकच."

मला भारी वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की माझ्या हातून काहीतरी उद्योग होतोच.

मांडवाला लागून त्यांची भाताची खोली आहे, तिला खिडकी आहे. टेंपोपासून त्या खिडकीपर्यंत गिटारची वायर नेली, तोरणाच्या दोरीला गुंडाळून. कमलेशला दम दिला, डावा हात खिशात. हळदीच्या संध्याकाळी बापाला हळद लावून झाली आणि पाहुणे पंख्यासमोरच्या खुर्च्यांसाठी भांडू लागले, तेव्हा नामादादा उठला. "टँकर आला का बघतो," म्हणाला आणि गुल झाला.

आम्ही सुरू केलं. मांडव असा उसळला की जेवणाच्या रांगेतली माणसं पत्रावळी घेऊन नाचायला आली. प्राचीसुद्धा पाटावर बसल्या बसल्या खांदे हलवत होती. वैनी तिच्या गालाला हळद लावत होती. मुखडा परत यायच्या जरा आधी बासचा एक स्वर वरून घसरत खाली आला, आणि वैनीचा हात गालावर थांबला.

तिने नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. टेंपोकडे पाहिलं. कमलेशचा खिशातला हात पाहिला. पदर खोचला आणि सरळ भाताच्या खोलीकडे निघाली.

मी बेंजो टाकून धावलो, पण तोवर दार उघडलं होतं. नामादादा पोत्यावर बसलेला, मांडीवर गिटार, डोळे मिटलेले. अंगाची हळद तारांना लागून तारा पिवळ्या झाल्या होत्या. डोळे उघडल्यावर चोरी पकडलेल्या पोरासारखा तो गिटार मागे लपवू लागला. ती काय लपते!

"तुला कसं कळलं गं?"

"मुखड्याच्या आधी असं घसरायचं दुसऱ्या कोणाला सुचणार? रोज भाकऱ्या थापताना तेच ऐकते ना मी."

"म्हंजे... तुला ऐकू येतं?"

वैनी पदराने बोटांची हळद पुसू लागली. नामादादा मात्र असा काही खुलला की लाजायचंच विसरला. मीही उगाच हसत उभा राहिलो.

तेवढ्यात मांडवातून कुणी म्हातारीने हाक दिली, "आनंदे, नवरीचा बाप कुठं गेला गं?"

वैनीने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली आणि ओरडली, "टँकर आणायला गेलेत! येतील सावकाश!"

आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तू काय बघतोस रं? चढ वर. तेच गाणं परत घे. मगाशी मी अर्धंच ऐकलं."