हळदीचं पाणी आणि दुसरीचा वर्ग

चहा घ्या, तोवर मी माझी फजिती सांगून टाकते. एरवी आमची लेक रेवा हा किस्सा सांगते आणि तिच्या तोंडून मी फारच वेडी वाटते. माझ्या तोंडून ऐकलंत तर जराशी कमी वाटेन, एवढीच आशा.

२०१७ची गोष्ट. साताऱ्यात मी चौदा वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. मग अभयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कॅनडात मॉन्ट्रियलला विमानाचे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. त्याचं काम इंग्रजीत भागायचं. मला शाळेत शिकवायचं तर फ्रेंच हवं, आणि तेव्हा माझी मजल फ्रेंचमध्ये भाजी घेण्यापर्यंत होती, तीही बोट दाखवून. दोन हिवाळे मी घरात बसून काढले. रोज चाळीस पोरांसमोर उभं राहिलेल्या बाईला घर किती शांत वाटतं, हे सांगून कळत नाही हो.

अशात रेवाच्या दुसरीच्या वर्गातून चिठ्ठी आली. पालकांनी येऊन घरातल्या वस्तूंचा एखादा सोपा विज्ञानप्रयोग दाखवावा. मी त्याच दिवशी 'येते' म्हणून कळवलं.

प्रयोग ठरलेलाच होता. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे तुम्ही धुण्यात पाहिलंच असेल. तसंच वाटीभर हळदीच्या पाण्यात खायच्या सोड्याच्या पाण्याचे थेंब टाकायचे. पिवळ्याचं लाल होतं. वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं.

पंधरा दिवस फ्रिजसमोर उभी राहून मी फ्रेंच वाक्यं पाठ केली. 'थेंब' हा महत्त्वाचा शब्द. वहीत लिहिलेला शब्द मी आपल्या सवयीने वाचला. जेवढी अक्षरं दिसली तेवढी सगळी म्हटली. "गूते."

रेवाला म्हटलं, "जरा ऐकतेस का माझं?"

"आय हॅव होमवर्क, आई."

"बरं. पण लक्षात ठेव, वर्गात मी तुझी आई नाही. मध्ये बोलायचं नाही. काही असेल तर हात वर करायचा."

त्या दिवशी दहा स्टीलच्या वाट्या आणि दहा चमचे घेऊन मी बसने शाळेत गेले. वीस मुलं, जोडीला एक वाटी हळदीचं पाणी आणि एक पेला सोड्याचं. वर्गाच्या बाई, मादाम सोफी, मला इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्ही सुरू करा, मी टेबलं पुसायला कागद आणते." खडू हातात घेतला आणि खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले.

मी चमचा उचलून दाखवला आणि म्हटलं, "गूते."

मुलांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढच्या बाकावरच्या मुलीने हळदीच्या पाण्याचा चमचा भरला आणि प्यायली.

मला वाटलं, पोरीला कळलं नाही. म्हणून सोड्याच्या पेल्याकडे बोट दाखवून जरा मोठ्याने सांगितलं, "नो, नो. गूते. गूते."

आता सगळ्यांनी चमचे भरले. हळदही प्यायले, सोडाही प्यायले. कुणी तोंड वाकडं केलं, पण एकाने चमचा खाली ठेवला असेल तर शपथ. मी जितकी घाबरून ओरडत होते, तितकी ती बिचारी भराभर पीत होती. मागे रेवाचा हात वर होता. माझ्या मनात आलं, स्वतःच्या मुलीला आधी विचारलं तर बरं दिसणार नाही. मी तिला हात खाली घे म्हणून खूण केली. तिने घेतला नाही.

मादाम सोफी कागद घेऊन आल्या तेव्हा रेवा सोडून सगळ्यांचे ओठ लालसर झाले होते.

त्या पांढऱ्या पडल्या. वाटीत काय आहे, कुणाला ॲलर्जी आहे का, सगळं एका दमात. मी हळद आणि सोड्याची फ्रेंच नावं सांगितली. मुलं माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, या मादामनेच सांगितलं. मी म्हटलं, मी असं कसं सांगेन? आणि मग रेवाकडे वळले. एक हात दुखला म्हणून दुसऱ्या हाताने तो धरून ती बसली होती.

"बोल."

"आई, ड्रॉप इज 'गूत'. 'गूते' मीन्स टेस्ट इट."

म्हणजे इतका वेळ मी 'थेंब, थेंब' नव्हे, 'चाखा, चाखा' म्हणून ओरडत होते.

चौदा वर्षं मी प्रत्येक वर्गाला पहिल्या तासाला सांगत आले, प्रयोगशाळेतलं काही तोंडात घालायचं नाही. मीठ चाखलं म्हणून एकाला बाहेर उभं केलं होतं मी.

शाळेने एकोणीस घरी फोन केले. कुणाला काही झालं नाही, देवाची कृपा. पण ते कळेपर्यंत मी बाहेर मुलांच्या बुटक्या बाकावर बसून होते, मांडीवर चमच्यांची पिशवी. आता परत वर्गात पाऊल टाकायचं नाही, असं ठरवून टाकलं. घरी अभयने सगळं गंभीरपणे ऐकलं, मग वॉशरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

आठवड्याने शाळेतून पाकीट आलं. मुलांनी काढलेली चित्रं. प्रत्येकात मी, वाटी आणि चमचा. एकाने खाली लिहिलं होतं, "मादाम, तुमचं सूप चांगलं नव्हतं, पण रंग छान होता." आणि मादाम सोफींची ओळ: मुलांना तो रंग कसा बदलतो ते बघायचंय, पुन्हा याल का? बोलायचं काम मात्र रेवाकडे द्या.

गेले. रेवा पुढे उभी राहून बोलली, मुलांनी मोजून थेंब टाकले, दहाही वाट्या लाल झाल्या. वर्गात जो आवाज उठला, तो मी दोन वर्षं ऐकला नव्हता. राहवलं नाही. असं का होतं ते सांगावं म्हणून मी एक पाऊल पुढे टाकलं आणि तोंड उघडलं.

रेवाने माझ्या हातात लिंबाच्या रसाचा पेला दिला आणि सगळ्या वर्गासमोर, शुद्ध मराठीत म्हणाली, "आई, तू फक्त ओत."

मी ओतलं.