रक्तदानानंतरचा फोन

लालबागला आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर दरवर्षी असतं, आणि दरवर्षी हिमोग्लोबिन कमी म्हणून मला परत पाठवायचे. गेल्या वर्षी गोळ्या, अळीव, खजूर खाऊन मी ते वर आणलं आणि पन्नाशीच्या तोंडावर पहिल्यांदा रक्त दिलं. मंडळाने प्रमाणपत्रासोबत स्टीलचा डबाही दिला.

काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला. तपासणीत काहीतरी आढळलंय, फोनवर सांगता येत नाही, या. मला वाटलं, साखर असणार. ऑफिसातून परस्पर परळला गेले.

तिथल्या समुपदेशक मुलीने आधी दार लावलं. ‘‘मॅडम, एचआयव्ही नाही, कावीळही नाही. पण सिफिलिसची चाचणी पॉझिटिव्ह आली आहे.’’

सिफिलिस म्हणजे गरमी, गुप्तरोग. हा शब्द मी लहानपणी चाळीतल्या बायकांच्या कुजबुजीत ऐकला होता. मी तिला म्हटलं, ‘‘बाटली बदलली असेल. मी दरवर्षी फुल बॉडी चेकअप करते. सगळं नॉर्मल असतं.’’

‘‘त्या पॅकेजमध्ये ही चाचणी बहुतेक नसतेच. मागून घ्यावी लागते.’’

‘‘पण मला काही त्रासच नाही.’’

‘‘बऱ्याच जणांना नसतो. म्हणून तर तपासायचं. खात्रीसाठी पुन्हा रक्त घेऊ. आणि मिस्टरांनाही आणा.’’

दुसरी चाचणीही पॉझिटिव्ह आली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, आणि माझ्या आयुष्यात नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष नव्हता. म्हणजे हिशेब सरळ होता. तरी त्या दिवशी परळ नाक्यावर मी चुकीच्या बसमध्ये बसले आणि थेट माहीमला उतरले.

घरी नवरा बोंबील साफ करत होता. मी कागद ओट्यावर ठेवला.

त्याने वाचला. ‘‘लॅबवाले काय, काहीही छापतात.’’

‘‘दोनदा?’’

‘‘अगं, मला काही झालंय का? धडधाकट आहे मी.’’

‘‘मीही धडधाकटच आहे. उद्या रक्त द्यायला चला.’’

तो बराच वेळ नळाखाली हात धूत राहिला. मग मागे न वळता म्हणाला, ‘‘सुरतेला. कामाला जायचो तेव्हा. दोन-तीनदाच.’’

मी ओरडेन असं त्याला वाटलं असावं. मलाही वाटलं होतं. पण मी ताटं वाढली. जेवणं झाल्यावर एवढंच म्हटलं, ‘‘भांडण नंतर. तुम्ही औषध घेतलं नाहीत तर मला पुन्हा होईल. उद्या नऊला निघायचं.’’

तो आला. त्याचीही चाचणी पॉझिटिव्ह निघाली. दर आठवड्याला एक अशी दोघांना पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली. ती इतकी दुखतात की एकमेकांशी न बोलणारे आम्ही दोघं घरी येताना सारखेच लंगडत होतो.

शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘बरे व्हाल. पण काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं, आणि पुढेही दरवर्षी करत राहिलात तर उत्तम. दोघांनीही.’’

बाहेर बाकावर तो हळूच म्हणाला, ‘‘आता मिटलं ना सगळं? दरवर्षी कशाला? माझ्यावर विश्वास नाही तुझा?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं, आणि खिडकीवर जाऊन दोघांसाठी पुढची तारीख घेतली.