बंदरावरच्या टेकाडावरचा दवाखाना

माझी शाळा चौथीत सुटली, पण हॅम्बर्ग मी चार वेळा बघितलंय. अख्ख्या वेसावा कोळीवाड्यात हे सांगू शकणारा मी एकटाच, आणि मी ते सगळ्यांना सांगायचो. तरुणपणी दहा वर्षं मालाच्या जहाजावर खलाशी होतो. समुद्र संपला की जहाज अर्धा दिवस नदीतून वर जातं, तेव्हा कुठे ते बंदर लागतं. एवढ्या आत असूनही पाण्याला भरती-ओहोटी आपल्या खाडीसारखीच. कालव्यांच्या कडेने लाल विटांची गोदामं, थेट पाण्यातून वर उठलेली. दुसऱ्या महायुद्धात बाँब पडून गाव जळालं होतं. मी गेलो तेव्हाही इमारतींच्या रांगेत मधेच मोकळे तुकडे होते, गवत माजलेले.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. थोरली मुलगी अंधेरीच्या कॉलेजातून शिकून बाहेर पडली आणि मासळीच्या पुढच्या अभ्यासासाठी तिला त्याच हॅम्बर्गच्या विद्यापीठात जागा मिळाली, स्कॉलरशिपसकट. महिन्याच्या आत होकार कळवायचा होता. पत्र घेऊन ती अंगणात आली तेव्हा मी फाटलेलं जाळं सांधत बसलो होतो.

"नाय जायचं," मी म्हणालो.

"का?"

"गाव चांगलं नाय."

"इतकी वर्षं त्याच गावाचं कौतुक ऐकवत होतास ना?"

खरं कारण बायकोच्या देखत कसं सांगणार? बंदराला लागून एक वस्ती होती. दारूचे अड्डे, खिडक्यांत बसलेल्या बायका. खलाशी जमिनीवर उतरला की पहिला तिथे. मला ठाऊक असलेलं हॅम्बर्ग म्हणजे धक्का आणि ती वस्ती. तिथे पोरीला पाठवायची? कारणाबद्दल मी तोंड बंद केलं आणि आठ दिवस बंदच ठेवलं.

पण पोरगी माझीच. "तू नाय म्हटलंस तर मी जाणार नाय. पण कारण सांग," एवढं म्हणाली आणि रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसून विद्यापीठाने पाठवलेलं माहितीचं पुस्तक मराठीत सांगायला लागली. ते व्यापाऱ्यांचं गाव, आपला कारभार आपणच बघणारं. पश्चिमेचा भाग पूर्वी वेगळंच शहर होतं, एका परक्या राजाचं. आणि शेकडो वर्षं तिथे विद्यापीठच नव्हतं. बंदर आहे, शेठ लोक आहेत, आणखी काय पाहिजे, असं त्यांना वाटायचं.

"शहाणे लोक," मी म्हणालो.

"शेवटी काढलं ना पण. पहिल्या महायुद्धानंतर."

"चूक केली."

आतून बायको म्हणाली, "अगं, बापालाच घेऊन जा तिकडे. मास्तर होईल."

एका संध्याकाळी तिने शहराचा नकाशा पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या ठेवल्या. अक्षरं मला लागत नव्हती, पण नदी लागली. धक्का सापडला. माझं बोट पुढे सरकून त्या वस्तीवर येऊन थांबलं. ती पुस्तकात बघत म्हणाली, "इथे बघ, बंदराच्या वर टेकाडावर, विद्यापीठाच्याही आधीची एक संस्था आहे. शहरात पटकी, म्हणजे कॉलरा, पसरून हजारो माणसं मेली, त्यानंतर काढली. गरम देशांतल्या तापांचा दवाखाना, आणि तिथेच डॉक्टर लोक शिकतात."

"लाल विटांची इमारत," माझ्या तोंडून गेलं. "वरच्या खिडकीतून क्रेन दिसतात."

"तुला कसं ठाऊक?"

जहाजावर मला कधी साधी सर्दी झाली नाही, असं मी वीस वर्षं घरात सांगत आलो होतो. हिवतापाने मला त्याच बंदरात जहाजावरून स्ट्रेचरवर उतरवलं होतं, हे त्या संध्याकाळी पहिल्यांदा सांगितलं. बारा दिवस त्या दवाखान्यात पडून होतो. शिकणारी एक पोरगी रोज बोटातून रक्त घ्यायला यायची, हिच्याएवढीच असेल. रक्ताचा थेंब काचेवर पसरून भिंगाच्या यंत्रातून मलाही दाखवायची. संध्याकाळी मी खिडकीशी बसायचो. ती सायकलला पुस्तकं लावून त्या वस्तीतूनच घरी जायची. कोणी तिच्याकडे वळूनसुद्धा बघत नसे.

"कुठली वस्ती?" बायको दारात येऊन उभी राहिली होती.

"बंदराजवळची."

"काय असतं तिथे?"

"खलाशी असतात."

ती उंबरा ओलांडून बाहेर आली. "ठाऊक हाय मला. माझा नवरा जहाजावर होता. आणि याच्यापायी आठ दिवस पोरीला छळलंत?"

मी नकाशाकडे वळलो. मुलीला विचारलं, "तुझं विद्यापीठ कुठे?"

तिने माझं बोट धरून धक्क्यावरून उचललं आणि पार वर, एका मोठ्या तळ्याच्या काठाशी नेऊन टेकवलं. चार वेळा जाऊन मी त्या बाजूला एकदाही गेलो नव्हतो.

"हे मी बघितलेलं नाय," मी म्हणालो. मला ते जड गेलं. "तू बघून ये. मग मला सांग."

होकाराचं पत्र तिने दुसऱ्या दिवशी टाकलं. मी पोस्टापर्यंत बरोबर गेलो, आणि पाकीट नीट आत पडलं की नाही ते पेटीच्या फटीत बोटं घालून बघितलं.