कैतानचं देणं

सन २०२१, मे महिन्याचा शेवटचा आठवडा. आंबा उतरून झाला होता, पाऊस यायचा होता. त्या आठवड्यात माझी बायको फिलू तापाने गेली. तिथून हे किस्से सुरू होतात. दुःखातल्या माणसांच्या घरी जाणाऱ्याजवळ किस्से साचतात, चिऱ्याच्या खाणीत पाणी साचतं तसे. उपसले नाहीत तर हिरवे पडतात. म्हणून सांगतो.

मी इनास. गवंडी. शाळा चौथीपर्यंत. रेवदंड्यापासून चौलपर्यंत निम्म्या भिंतींना माझा ओळंबा लागला आहे. कुणाचं काही ठेवून घ्यायची मला सवय नाही.

त्या दिवसांत कुणी कुणाच्या दारात येत नव्हतं. कैतान आला. तो एसटीत तीस वर्षं कंडक्टर होता. आवाज असा की मुरूडला बोलला तर अलिबागला ऐकू जावं! तो रोज संध्याकाळी यायचा, अंगणातल्या दगडावर लांब बसायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. निघताना क्रूसाची खूण करायचा. पाऊस लागला तेव्हा छत्री घेऊन बसला.

महिन्याने मी म्हणालो, "कैतान, तुझं देणं झालं माझ्यावर. कसं फेडू ते सांग."

"मला परत नको. माझा पोरगा गेला तेव्हा जुने फादर माझ्याजवळ असेच बसले होते. मी ते तुला दिलं. तू पुढच्या स्टॉपला कुणाला तरी दे."

*

पुढच्या वर्षी आमचं त्रिकूट झालं. कैतान, आमच्या वाडीतली रोजीबाय आणि मी. दर शुक्रवारी कुणाकडे आजार असेल, मयत झालेली असेल, तिथे जायचं. गावाने नाव ठेवलं, 'रडकी पार्टी'.

पहिलं घर चौलचं. म्हातारबाबांचं खुब्याचं हाड मोडलेलं. रोजीबाय प्रार्थनेला बसली की थांबत नाही. तिने सगळे संत बोलावले, मग सगळे नातेवाईक मोजले. डोळे उघडून बघतो तर म्हातारबाबा घोरत होते!

रोजीबाय रागावली. "मी एवढं देवाला सांगतंय नि हा झोपलाय!"

म्हातारी हात जोडून म्हणाली, "बाय, चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता त्यांच्या. परत कधी येशील?"

*

रेवदंड्याला एकाच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. आम्ही गेलो तर खोलीत पंधरा माणसं. सगळे दारात दाटीने उभे, रोग्याकडे चोरून बघत, कुणी जवळ जाईना. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते सगळ्यांना माहीत होतं. रोग्यालाही.

कैतानला राहवलं नाही. "चला, पुढे सरका! पुढे रिकामं आहे!"

सगळे दचकून पुढे सरकले. रोगी हसायला लागला. पोटावर हात दाबून हसला. "अरे कंडक्टर, टाके तुटतील माझे!" मग भाऊ त्याच्या पायाशी बसला, बहीण उशाशी बसली. त्याने दोघांचे हात धरले आणि सोडले नाहीत.

आम्ही प्रार्थना न करताच निघालो. जागाच नव्हती.

*

एका घरात सुनेने दारातच अडवलं. "आमचा धर्म बदलायला आलाय का?"

कैतान म्हणाला, "वहिनी, आमच्याच लोकांना रविवारी चर्चात मिस्साला उठवता उठवत नाही. तुम्हाला कुठं नेऊ?"

आतून सासऱ्यांचा आवाज आला. त्यांचा नातू मुंबईला दवाखान्यात होता. "येऊ दे गं त्यांना. त्यांच्या देवाला पण सांगू दे. आमच्याला मी सांगून सांगून दमलो."

आम्ही सांगितलं. त्या दिवशी रोजीबायने दोन वाक्यांत आटोपलं.

*

आता माझं. मी या सगळ्या घरांत बसलो, पण माझ्याकडून कुणाला काही दिलं गेलं नाही. शब्द यायचे नाहीत.

आगरदांड्याला एकाची होडी बुडाली. त्यात त्याचा भाऊ गेला. कैतानने मला कोपराने ढोसलं. "इनास, आज तू बोल."

मी समोर बघितलं. म्हणालो, "या भिंतीला ओल आहे. प्लास्टर फुगलंय."

रोजीबायने असा चिमटा काढला की आठ दिवस वळ होता!

दुसऱ्या दिवशी मी सिमेंट, वाळू घेऊन एकटा गेलो आणि ती भिंत करून आलो. कैतानला विचारलं, "फिटलं?"

"ते गवंडीकाम झालं, इनास. देणं तसंच आहे."

मला राग आला. पण तो खरं बोलत होता. त्या माणसाकडे मी तोंड करून बसलोच नव्हतो. भिंतीकडे बसलो होतो.

*

गेल्या वर्षी चौलच्या मास्तरांची बायको वारली. त्यांची सुपारीची वाडी आहे. माणूस कडक. त्यांच्या विहिरीचा कठडा मी बांधला तेव्हा तीन वेळा पाडायला लावला होता. भेटायला येणाऱ्या सगळ्यांना ते दारातून परत पाठवत होते. जेवत नव्हते. सून घाबरली होती.

त्या शुक्रवारी कैतानला ताप, रोजीबाय लेकीकडे. मी एकटा गेलो.

मास्तर ओटीवर होते. "सांत्वन करायला आलास? कर."

"मला येत नाही, मास्तर."

"मग आलास कशाला?"

"माझी गेली तेव्हा एक जण येऊन बसायचा."

"काय म्हणायचा?"

"काही नाही."

त्यांनी बस म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. मी त्यांच्याकडे तोंड करून बसलो. तासभर गेला. मग ते म्हणाले, "चहात साखर किती घालतात, मला माहीत नाही रे."

"दोन चमचे. मला शिकायला तीन महिने लागले."

त्यांनी डोळे पुसले. मग विचारलं, "तुझी कुठे आहे आता?"

"प्रभूकडे."

"बघून आलास?"

"पाया माती लोटल्यावर दिसत नाही, मास्तर. भिंत उभी आहे तोवर तो आहे म्हणायचं. मी उभा आहे."

दिवस कलला तसा मी उठलो.

दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. तसं म्हटलं तर मरण त्या घरी परत येतं, असं आमच्याकडे सगळेच धरतात, हिंदू असोत की आम्ही. न बोलता उठायचं आणि चालू लागायचं. मला हे लहानपणापासून ठाऊक. तरी पायरी उतरताना तोंडातून गेलं,

"येतो, मास्तर."

सुनेने तोंडावर हात ठेवला. मी जीभ चावली. एवढं वय झालं आणि एवढी अक्कल नाही!

मास्तरांनी मान वर केली. "काय म्हणालास?"

"चुकलो, मास्तर."

"चुकलास कुठे? उद्या किती वाजता येतोस ते सांग."

"पाच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गेलो तर मास्तर वाडीच्या फाटकात उभे, घड्याळाकडे बघत.

"दोन मिनिटं उशीर," ते म्हणाले.

देणं फिटलं.