वाजवीपेक्षा उंच

अडथळा नव्वद सेंटिमीटरचा होता. मी त्या बेताने पुढे झुकले, आणि पुढच्या क्षणी खोगीर खाली होतं, मी वर होते. जमिनीवर आलो तेव्हा माझा एक पाय रिकिबीबाहेर आणि दोन्ही हात घोडीच्या मानेला. पंचवीस वर्षं रायडिंग शिकवणाऱ्या बाईला शोभणारं दृश्य नव्हतं.

"मॅडम, काय उडाली!" कठड्याशी उभे असलेले महाजन सर ओरडले. "एक मीटर तीस तरी असेल!"

"असेल," मी म्हणाले. मला धाप लागली होती आणि आनंदही झाला होता.

शहराबाहेर, येलहंकाच्या पुढे एका रायडिंग स्कूलमध्ये मी मुख्य इन्स्ट्रक्टर आहे. कुणाला घोडा घ्यायचा असला की आधी तो मी चालवून बघते. याला ट्रायल म्हणतात. महाजन सर मूळचे पुण्याचे, मारतहळ्ळीला राहणारे, सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांची मुलगी ईशा, पंधरा वर्षांची, माझ्याकडे शो जंपिंग शिकत होती आणि तिला स्वतःचा घोडा हवा होता. दलालाने आणलेल्या या तांबड्या घोडीचं नाव रूबी.

लहान अडथळ्यावरूनही घोडा खूप वर गेला, तर पुढे मोठे अडथळे पार करायची ताकद त्याच्यात आहे, असं आम्ही धरून चालतो. या ताकदीला स्कोप म्हणतात. महाजन सरांना हा शब्द मीच शिकवला.

"स्कोप आहे, सर. घ्या," मी म्हणाले.

लगाम धरायला मुनियप्पा आला. हा आमचा सगळ्यात जुना सईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा. आमच्या घरात जुने लोक मोतद्दार म्हणायचे. सगळा दिवस घोड्याबरोबर काढतो तो सईस, पण ट्रायलच्या वेळी त्याला कुणी काही विचारत नाही. त्याने लगाम धरायचा आणि घोडा आत न्यायचा, एवढंच. त्या दिवशी मात्र मुनियप्पाने रूबीच्या पुढच्या पायांवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाला, "इदु जंप अल्ल, अक्का. भय." ही उडी नव्हे, भीती आहे, असं त्याचं म्हणणं.

"काहीतरीच काय, अण्णा!" मी म्हणाले.

गुडघ्यांखाली दोन्ही पायांना केस गेलेले पट्टे होते. ते मलाही दिसले होते. कुंपणाची तार लागली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पहिल्या महिन्यात ईशा तीनदा पडली. स्वार उडीआधी शरीर तयार ठेवतो. घोडा अंदाजापेक्षा वर गेला की स्वार मागे राहतो, लगाम खेचला जातो, घोड्याच्या तोंडाला हिसका बसतो, आणि दोघांचंही बिनसतं. तिसऱ्यांदा पडल्यावर ईशा कपडे झटकत म्हणाली, "मॅम, ही किती वर जाणार तेच कळत नाही. मला झोपेतसुद्धा पडल्यासारखं होतं."

त्याच आठवड्यात अडथळ्याचा दांडा खाली आला. तो चढवायला मुनियप्पा एका टोकाला गेला, दुसरा सईस दुसऱ्या टोकाला. दोघांनी दांडा उचलला मात्र, वीस पावलांवर उभी असलेली रूबी थरथरायला लागली. तिला कुणी हातही लावला नव्हता. बघता बघता ती घामाने भिजली.

मी तिच्या पायांवरच्या त्या पट्ट्यांकडे पाहिलं. या धंद्यात एक घाणेरडी युक्ती आहे. अडथळ्याच्या दोन टोकांना दोन माणसं दांडा धरून उभी राहतात आणि घोडा हवेत असताना तो वर उचलून त्याच्या पुढच्या पायांच्या नळ्यांवर हाणतात. घोड्याला वाटतं, आपण कमी पडलो. पुढच्या वेळी तो आणखी वर जातो. स्पर्धेत याला बंदी आहे. मी जिला ताकद म्हणाले होते, तो मार होता.

मुनियप्पा 'मी सांगितलं होतं' म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

महाजन सरांना मी सगळं सांगितलं आणि सहा महिने मागून घेतले. कुरकुरत का होईना, त्यांनी दिले. आम्ही जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांपासून सुरुवात केली. अडथळ्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मुनियप्पा, दोघांच्या मुठीत गूळ. दांड्याशी उभी असलेली माणसं गूळ देतात, हे रूबीला पटायला अडीच महिने लागले. पाचव्या महिन्यात तिने नव्वदचा अडथळा वीतभर जागा ठेवून पार केला. कान पुढे, पाठ सैल. ईशाने आयाळ धरली नाही. उतरल्यावर ती रूबीच्या गळ्यात पडून हसत होती. मुनियप्पा मला म्हणाला, "सरी होयतु, अक्का." सगळं नीट झालं, म्हणून.

महाजन सर मोबाइलवर शूटिंग करत होते. त्यांनी मोबाइल खाली केला.

"मॅडम, हिला बरं नाहीये का?"

"आता बरी झालीय, सर."

"अहो, पण उडी कुठे गेली? किती वर जायची आधी!"

"घाबरून जायची. आता लागते तेवढीच उडते."

"मॅक्सिमम किती?"

"एक मीटर दहा. फार तर पंधरा."

"म्हणजे स्कोप गेला."

"नव्हताच, सर. मी चुकले. हवं तर लेखी देते."

सभ्य माणूस. आवाज चढवला नाही. "आमच्याकडे याला डाउनग्रेड म्हणतात," एवढंच म्हणाले.

"बाबा, मला अशीच आवडते," ईशा म्हणाली. "आता मला भीती नाही वाटत."

"बेटा, आपण ती कॉम्पिटिशनसाठी घेतलीय."

पंधरा दिवसांत घोडे न्यायची गाडी आली. दुसऱ्या एका ट्रेनरने महिन्याभरात घोडी पहिल्यासारखी करून द्यायचं कबूल केलं होतं. पहिल्यासारखी म्हणजे काय, हे मी सरांना पुन्हा एकदा स्पष्ट शब्दांत सांगितलं. बंदी आहे, हेही सांगितलं.

"बंदी कॉम्पिटिशनमध्ये आहे ना," ते म्हणाले. "ते प्रॅक्टिसमध्ये करतात."

मी घोडेस्वारीच्या संघटनेकडे तक्रार केली. व्हिडिओ आहे का, असं उत्तर आलं. नव्हता. रूबी गाडीत मुकाट्याने चढली, कारण चढवायला मुनियप्पा होता आणि त्याच्या मुठीत गूळ होता. याचा मला आजही राग येतो, आणि कुणावर काढावा ते कळत नाही.

ईशा रायडिंगला यायची बंद झाली. रूबीवर दुसरा स्वार बसला आणि त्याने मेडल आणलं. फोटो आमच्या ग्रुपवर आला. घोडी दांड्याच्या हातभर वर, कान मागे चिकटलेले. खाली कुणीतरी लिहिलं होतं, हिला शोधलं आपल्या मॅडमनी. तिघांनी अभिनंदन केलं. मी तिघांनाही 'थँक्यू' लिहिलं. खरं लिहायचं धाडस झालं नाही, आणि नोकरीही टिकवायची होती.

अजूनही लोक घोडा घ्यायला माझ्याकडे येतात. ट्रायलआधी मी त्यांना एकच प्रश्न विचारते. हा घोडा पुढे कमी उडायला लागला, पण सुखात राहिला, तर चालेल का? सगळे हसतात, त्यांना वाटतं मी गंमत करतेय. 'चालेल' असं अजून एकानेही म्हटलेलं नाही.