खिडकीतला हात

ट्रकच्या मागे राहणं म्हणजे मला अपमानच वाटतो. मे महिन्यात बेळगावहून हरमलला जाताना चोर्ला घाटात भाजीचा ट्रक पुढे लागला, मी हॉर्न दाबला. त्याच्या खिडकीतून एक केसाळ हात बाहेर आला: थांब! पाठोपाठ वळणावरून बस धडाडत गेली.

मग प्रत्येक वळणावर तो हात मला थोपवायचा आणि मधल्या वेळात पत्र्यावर ताल धरायचा. गाडीत मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेली आई त्या तालावर चक्क गुणगुणू लागली. पुढे सरळ रस्ता लागला, हाताने ‘जा’ म्हटलं. आई म्हणाली, “राहू दे रे, मागेच बरंय.”

डिचोलीला चहासाठी थांबलो, तर तो ट्रकवालाही उतरला. हसत म्हणाला, “वाट दिली तरी फुडे कित्याक गेलंस नाय?”

माझ्याआधी आईच बोलली, “पुढे गेल्यावर तुझा हात कसा दिसला असता, बाबा?”