हरणाऱ्या संघाचे सोमवार

आम्ही आखातात राहायचो आणि माझी मुलगी अकरावीत होती त्या वर्षी दर सोमवारी संध्याकाळी ती समोरच्या फ्लॅटमध्ये जायची. मी देरा भागातल्या ऑफिसातून मेट्रोने अल बर्शाला घरी पोचून दारात सँडल काढत असायचे आणि ती तिथेच उभी राहून पायात चपला सरकवत असायची. "बाय मम्मी, जेवण तिकडेच," एवढं बोलून ती पॅसेज ओलांडून जायची. समोरचं दार तिच्यासाठी किलकिलं ठेवलेलं असायचं. आतून पॉपकॉर्नचा वास यायचा.

समोर एक अमेरिकन बाई एकट्याच राहायच्या. वय साठीच्या आसपास. मुलीच्या शाळेत त्या लायब्ररी सांभाळायच्या, म्हणून मुलगी त्यांना मिस म्हणायची. सप्टेंबरच्या उकाड्यात एकदा आमचा एसी बंद पडला आणि दुरुस्तीवाला येईपर्यंत त्यांनी मुलीला आपल्याकडे बसवून घेतलं. त्या वेळी त्या टीव्हीवर त्यांच्या गावच्या संघाचा सामना बघत होत्या. अमेरिकन फुटबॉल, म्हणजे हेल्मेट घातलेली माणसं अंड्याच्या आकाराचा चेंडू घेऊन एकमेकांवर धडकतात तो खेळ. मुलगी घरी आली ती त्याच खेळाबद्दल बोलत. चार संधी, दहा यार्ड, असलं काहीतरी. मला काही कळलं नाही आणि तिनेही दुसऱ्यांदा समजावलं नाही.

सामने तिकडच्या रविवारी दुपारी व्हायचे. आपल्याकडे तोवर रात्र झालेली असायची आणि दुसऱ्या दिवशी शाळा. म्हणून दोघींनी आपसात ठरवून टाकलं की सामना रेकॉर्ड करायचा, सोमवारी दिवसभर निकाल बघायचा नाही आणि संध्याकाळी एकत्र बसून तो पहिल्यांदा बघायचा.

संघ वाईटच होता. मुलगी साडेनऊच्या सुमाराला पडका चेहरा घेऊन परत यायची. मी विचारायचे, "हरले?"

"येस. अगेन."

मनातून मला बरं वाटायचं. माझी मुलगी जिथे जमत नाही तिथे टिकत नाही. कीबोर्ड दोन महिन्यांत सुटला, कराटे सुटलं, चर्चचा क्वायर तर एका नाताळातच सुटला. दर आठवड्याला हरणाऱ्या या माणसांचा तिला किती दिवस पुळका येणार? दिवाळीपर्यंत कंटाळेल, असा माझा हिशेब होता.

तसं काही झालं नाही. उलट हरण्याने त्या दोघी आणखीच जवळ आल्या. जिंकणाऱ्याकडे सगळेच बघतात, पण हरलेला सामना शेवटपर्यंत बघायला कोणीतरी बाजूला लागतं, आणि माझ्या मुलीच्या बाजूला मी नव्हते. मग मी सोमवारी सकाळी मेट्रोत बायकांच्या डब्यात बसल्या बसल्या फोनवर निकाल बघायला लागले. हरलेत हे कळलं की माझा दिवस चांगला जायचा.

नवरा अबूधाबीच्या साइटवर असायचा, फक्त सुट्टीला घरी यायचा. त्याने एकदा माझ्या फोनमध्ये तो स्कोअर पाहिला.

"तू कधीपासून हे बघायला लागलीस?"

"असंच."

"तुला त्या बाईंचा हेवा वाटतो."

"हेवा कसला त्यात? शेजारीण आहे ती," मी म्हटलं आणि उठून कपडे वाळत घालायला गेले.

हेवा होताच. आणि त्याच महिन्यात तो दुप्पट झाला. एका सकाळी लिफ्टमध्ये बाई भेटल्या आणि म्हणाल्या, "डिबेट टीमचं तिने फार छान सोसलं. मी तिच्या वयात असते तर आठवडाभर रडले असते."

मला कसलंही डिबेट माहीत नव्हतं. मी हसून मान हलवली, म्हणजे जणू सगळं माहीत आहे. मेट्रोत बसल्यावर मला समजलं की मुलीची शाळेच्या टीममध्ये निवड झाली नव्हती आणि ते तिने मला सोडून समोरच्या घरात सांगितलं होतं. त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, "शाळेत सगळं ठीक?" ती म्हणाली, "फाइन." मी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बाईंनी सांगितलं हे कळलं असतं, आणि मग तिने बाईंनाही काही सांगितलं नसतं. खरं तर तसं व्हावं असंही क्षणभर वाटलं.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सकाळी मेट्रोत फोन उघडला तर ते जिंकले होते. पहिल्यांदाच. शेवटचे काही सेकंद उरले असताना कोणीतरी फार लांबून किक मारली आणि चेंडू खांबांमधून गेला, असं बातमीत होतं. मी ती बातमी दोनदा वाचली. दिवसभर ऑफिसात शिपिंगची कागदपत्रं करताना डोक्यात तेच होतं. आज त्या दोघींची मजा. आज तर ती घरीच यायची नाही.

संध्याकाळी दार उघडलं तर मुलगी सोफ्यावर पाय घेऊन बसलेली. अंगात घरचे कपडे, मांडीवर फिजिक्सचं पुस्तक.

"तू गेली नाहीस?"

"नाही जात आहे. व्हॉट्स द पॉइंट? ते हरणार. मग मिस म्हणणार, दे आर यंग, दे विल लर्न. आय अ‍ॅम डन."

म्हणजे खलास. सप्टेंबरपासून मी ज्याची वाट बघत होते ते आपोआप झालं होतं. मला फक्त गप्प राहायचं होतं. मी आत जाऊन चहा ठेवला, दोन कप काढले. येताना समोरचं दार किलकिलं होतं, पॉपकॉर्नचा वास येत होता, ते मी पाहिलं होतं. पण त्या बाईंचा मला विचार आला असं मी म्हणणार नाही. मला दिसत होती ती माझी मुलगी, उद्या शाळेत कोणाकडून तरी निकाल ऐकणारी. सगळे पराभव बसून बघितले आणि नेमका हा सामना सोडला, हे तिला उद्या कळणार होतं.

मी गॅस बंद करून बाहेर आले. "जाऊन ये."

"मम्मी, मी जाते ते तुला आवडत नाही."

"कोण म्हणतं?"

"एव्हरीवन कॅन सी इट."

"फिजिक्स उद्या कर. यल्ला, चल, ऊठ."

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "तुला स्कोअर माहितेय?"

"मला त्यातलं काय कळतं?"

ती गेली. मी एकटीने चहा प्यायला, डाळ केली, बोंबील तळले आणि काहीच न खाता बसून राहिले. नवाच्या पुढे समोरून एक किंकाळी ऐकू आली. त्यात दोन आवाज होते आणि त्यातला माझ्या मुलीचा कुठला ते मला ओळखता आलं नाही. मग आमची बेल वाजली. दोघी दारात उभ्या होत्या. बाईंचे डोळे भरलेले, मुलगी जागच्या जागी उड्या मारत होती.

"मम्मी, दे वन! आणि बघ, मिसनी माझा हात किती जोरात धरला होता." तिने पंजा पुढे केला. बोटांवर दुसऱ्या बोटांचे लाल वळ उठले होते. मी त्या वळांकडे बघत राहिले.

"हो का?" मी म्हटलं. "शेवटच्या किकला ना?"

किकचं अजून कोणी सांगितलं नव्हतं. मुलीच्या ते लक्षात आलं नाही. बाईंच्या आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही सकाळीच निकाल बघता."

मी हो म्हटलं.

"मीपण बघते. मला राहवतच नाही. तिला सांगू नका."

"म्हणजे काल तुम्हाला माहीत होतं? आणि ती वेळेवर आली नाही तरी तुम्ही बोलवायला आला नाहीत?"

लिफ्ट खाली पोचली होती. दार उघडलं तरी त्या लगेच बाहेर पडल्या नाहीत. "मला यायचं होतं," त्या म्हणाल्या. "दोनदा दारापर्यंत आले. पण ती तुमची मुलगी आहे. घरी बसली असेल तर तुमच्यासोबत बसली असेल, असं म्हटलं."

त्यानंतर माझा हेवा गेला का? नाही गेला. फक्त बाईंचा राग करणं अवघड झालं. संघ पुढचे सगळे सामने हरला. मुलीने एकही सोमवार चुकवला नाही. नाताळात मी मैद्याचे गोड फुगे तळले तेव्हा एक डबा समोर दिला आणि तो नेताना मुलीने मला विचारलं, "तू येतेस का?" मी म्हटलं, "बघू." गेले मात्र नाही. त्यांच्या सोफ्यावर तिसरी होऊन बसायची माझी तयारी नव्हती.

जूनमध्ये बाईंचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि त्या कायमच्या आपल्या गावी निघाल्या. आम्ही दोघी त्यांना सोडायला एअरपोर्टवर गेलो. मुलीने त्यांना मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. मी ट्रॉली धरून उभी होते. मग बाईंनी मलाही जवळ घेतलं आणि कानात म्हणाल्या, "सप्टेंबरमध्ये सामने पुन्हा सुरू होतील. तिला बाजूला कोणीतरी लागेल."

परतीच्या टॅक्सीत शेख झायेद रोडला लागलो तोवर मुलगी खिडकीबाहेर बघत होती. मग ती रडायला लागली आणि माझ्या खांद्यावर तिने डोकं ठेवलं. कित्येक महिन्यांनी ठेवलं होतं. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. ती कोणासाठी रडते आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी ड्रायव्हरने कुठल्या एक्झिटला वळू असं विचारलं तेव्हा मी त्याला लांबचा रस्ता सांगितला.